चुकलेल्या पत्त्याचे उत्तर

भाभा अणुसंशोधन केंद्रामुळे जे गाव जगाला ट्रॉम्बे या नावाने ठाऊक झाले, त्याचे मराठी नाव तुर्भे. ठाण्याच्या खाडीपलीकडे नवी मुंबईत आणखी एक तुर्भे आहे. मराठी पुस्तकात 'तुर्भे येथील अणुभट्टी' असे वाचून एखादा विद्यार्थी ती खाडीच्या भलत्याच काठावर शोधू लागला, तर त्यात नवल नाही. पत्रांच्या बाबतीत असा गोंधळ देशभर होई. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या, अपुरे पत्ते! त्यावर तोड म्हणून टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन क्रमांक सुरू केला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे जाणते कवी आणि नाटककारही होते. ट्रॉम्बे टपाल कार्यालयाचा पिन ४०००८८ आणि अणुसंशोधन केंद्राचा ४०००८५. पहिल्या तीन आकड्यांनी पत्र मुंबईत येते, पुढच्या तीन आकड्यांनी नेमक्या कार्यालयात.

पिन आला तरी पत्ते चुकायचे थांबले नाहीत. पत्ता चुकला की पोस्टमन पाकिटावर तसा शेरा मारतो आणि पत्र परत पाठवतो. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल, तर ते 'रिटर्न्ड लेटर ऑफिस'मध्ये जाते. जुनी माणसे त्याला 'डेड लेटर ऑफिस' म्हणत. टेलिफोनवर नसलेला क्रमांक फिरवला, तर 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असे ध्वनिमुद्रित वाक्य ऐकू येते. घराचा पत्ता सापडला नाही म्हणून पोस्टमनने पत्र कोपऱ्यावरच्या दुकानात टाकले आणि दुकानदाराने उत्तरादाखल आपल्या मालाची यादी पाठवली, असे आपल्याकडे कधी झाले नाही. इंटरनेटवर मात्र नेमके हेच झाले, आणि बराच काळ होत राहिले. ते कसे घडले, आणि ज्यांना ही 'सेवा' नको होती त्यांना तिच्यातून बाहेर पडताना काय अनुभव आला, हे येथे पाहू.

संगणकांना परस्परांशी बोलण्यासाठी क्रमांक लागतात, माणसांना नावे बरी वाटतात. सुरुवातीला सर्व संगणकांची नावे आणि क्रमांक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि प्रत्येकजण तिची नक्कल उतरवून घेई. संगणक वाढू लागल्यावर ही यादी सांभाळणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी 'डोमेन नेम सिस्टिम', म्हणजे डीएनएस, ही पद्धत मांडली. १९८७ मध्ये तिचे सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले आणि आजही तिचा पाया तोच आहे.

ट्रॉम्बेचेच उदाहरण घेऊ. १९९० च्या दशकात भाभा केंद्रातील शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांवर 'अप्सरा डॉट बार्क डॉट अर्नेट डॉट इन' असा ई-मेलचा पत्ता छापलेला दिसे. १९५६ मध्ये कार्यान्वित झालेल्या अप्सरा अणुभट्टीचेच नाव या संगणकाला दिले होते. हा पत्ता संगणक उजवीकडून डावीकडे वाचतो. आधी सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या 'रूट सर्व्हर'ला विचारायचे की 'इन'ची वही कोणाकडे आहे. 'इन'वाल्याला विचारायचे, 'अर्नेट'ची कोणाकडे. त्याला विचारायचे, 'बार्क'ची कोणाकडे. शेवटी बार्कच्या वहीत 'अप्सरा' पाहायचे. ही सारी धावपळ आपल्या वतीने एक मध्यस्थ संगणक करतो. त्याला 'रिझॉल्व्हर' म्हणतात, आणि घरगुती ग्राहकासाठी तो सहसा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचाच असतो.

यातली 'इन'ची वही मुंबईतच होती, हे फारसे कोणी सांगत नाही. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने 'अर्नेट' हे शैक्षणिक व संशोधन संस्थांचे जाळे सुरू झाले. त्यात पाच आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांच्याबरोबर जुहूची 'एनसीएसटी' होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून वेगळी झालेली ही संस्था श्रीनिवासन रमणी यांनी उभी केली. १९८९ च्या मे महिन्यात 'इन' हे नाव जगाच्या यादीत नोंदले गेले आणि त्याची व्यवस्था एनसीएसटीकडे आली. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. त्या दिवशी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे ही सेवा सुरू केली. (पिन क्रमांक आणि इंटरनेट दोघांचीही जन्मतारीख १५ ऑगस्ट, हा योगायोग मुलांना सांगण्याजोगा आहे.) 'इन'खालील नावे सर्वांना सहज घेता येऊ लागली ती २००५ मध्ये, 'निक्सी' या संस्थेकडे व्यवस्था गेल्यावर.

आता आपल्या विषयाचा गाभा. समजा 'अप्सरा' टंकताना एक अक्षर गळले. बार्कच्या वहीत असे नाव नाही. तेव्हा काय उत्तर द्यायचे, हे १९८७ च्या नियमांत स्पष्ट आहे. प्रत्येक उत्तरात चार बिटांची एक छोटी जागा राखलेली असते. तेथे ० असेल तर सारे ठीक. २ असेल तर 'मला आत्ता सांगता येत नाही'. ३ असेल तर 'हे नाव अस्तित्वातच नाही'. २ आणि ३ यांत फरक केला आहे, हे महत्त्वाचे. प्रयोगशाळेत मापकाने शून्य दाखवणे वेगळे आणि मापक बंद पडणे वेगळे. शून्य हे मोजमाप आहे. त्याचप्रमाणे ३ हे बिघाडाचे चिन्ह नसून वही तपासून दिलेले पक्के उत्तर आहे. १९९८ मध्ये तर हे 'नाही' काही काळ लक्षात ठेवून पुन्हा पुन्हा विचारणे कसे टाळावे, याचेही नियम झाले.

या उत्तराचा ग्राहक फक्त ब्राउझरपुढे बसलेला माणूस नसतो. एखाद्या शिक्षकाने शेवटच्या दिवशी अर्ज ई-मेलने पाठवला आणि पत्त्यात डॉटच्या आधीचे एक अक्षर चुकले, अशी कल्पना करा. टपाल पाठवणाऱ्या संगणकाला '३' मिळाला, तर तो मिनिटभरात मेल परत करतो. शिक्षक पत्ता सुधारून पुन्हा पाठवतो. पण त्याला कुठला तरी क्रमांक मिळाला आणि त्या ठिकाणी टपाल घेणारे कोणीच नसले, तर संगणक समजतो की समोरचा तात्पुरता बंद आहे. तो थांबून थांबून चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो, कारण टपालाचे नियमच तसे आहेत. चूक कळते तेव्हा मुदत टळून गेलेली असते. नको असलेली जाहिरात-पत्रे ओळखण्याची एक सोपी युक्तीही याच उत्तरावर उभी होती: पाठवणाऱ्याच्या पत्त्यातले नाव मुळात अस्तित्वात आहे का, हे पाहायचे. प्रत्येक नावाला 'आहे' असे उत्तर मिळू लागले की ही चाळणी निकामी होते.

हा प्रकार मोठ्या प्रमाणावर प्रथम घडला तो १५ सप्टेंबर २००३ रोजी. 'कॉम' आणि 'नेट' यांच्या वह्या सांभाळणाऱ्या अमेरिकेतील व्हेरिसाइन कंपनीने त्या वह्यांत एक सरसकट नोंद केली: जे नाव सापडणार नाही त्याचे उत्तर ६४.९४.११०.११. तेथे 'साइट फाइंडर' नावाचे कंपनीचे शोधपान होते. म्हणजे साऱ्या जगात 'कॉम'पुढे काहीही खरडले तरी ते 'अस्तित्वात' आले! वही सांभाळण्याचे काम कंपनीला विश्वस्त म्हणून दिले होते. कोऱ्या पानांवर आपली पाटी लावण्याचा अधिकार त्यातून कसा येतो, हे कोड्यात टाकणारे आहे. चुकलेल्या पत्त्यांचे टपालही आता या क्रमांकाकडे जाऊ लागले. ते नाकारण्यासाठी कंपनीने 'स्नबी' नावाचा प्रोग्रॅम बसवला होता. पण पत्र नाकारण्याआधी पाठवणारा कोण आणि कोणाला पाठवतो आहे, हे तो ऐकून घेई.

कंपनीचे म्हणणे असे, की आम्ही लोकांना मदतच करतो आहोत. मायक्रोसॉफ्टचा ब्राउझरही चुकलेला पत्ता आपल्या शोधपानाकडे नेतो. या युक्तिवादातली खोच शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावी. ब्राउझर आधी '३' हे खरे उत्तर ऐकतो आणि मग माणसाला काय दाखवायचे ते ठरवतो. ते पसंत नसेल तर ब्राउझर बदलता येतो, आणि बाकीच्या प्रोग्रॅमना त्याचा त्रास नसतो. वहीतच खोटी नोंद केली, तर खरे उत्तर कोणापर्यंतच पोचत नाही.

विरोध झपाट्याने झाला. जगभर रिझॉल्व्हरसाठी वापरला जाणारा 'बाइंड' हा प्रोग्रॅम तयार करणाऱ्या संस्थेने दोन-तीन दिवसांतच त्याची सुधारित आवृत्ती काढली. 'कॉम'वाल्याने पुढची वही कोणाकडे एवढेच सांगावे, स्वतः क्रमांक देऊ लागला तर तो '३' समजावा, अशी सोय तिच्यात होती. हा सामुदायिक 'नको'च होता. इंटरनेटच्या रचनेवर देखरेख करणाऱ्या मंडळाने आक्षेपांचे निवेदन काढले. नावांची व्यवस्था पाहणाऱ्या 'आयकॅन'ने ३ ऑक्टोबरला कंपनीला निर्वाणीचा इशारा दिला आणि ४ ऑक्टोबरला साइट फाइंडर बंद झाले. पुढे कंपनीने आयकॅनवर खटला भरला, तो वेगळा विषय.

वही सांभाळणाऱ्याला रोखले. पण मध्यस्थाचे काय? २००६ च्या सुमारास अमेरिकेतील इंटरनेट पुरवठादारांनी हीच कल्पना आपापल्या रिझॉल्व्हरमध्ये राबवायला सुरुवात केली. वहीवाला प्रामाणिकपणे '३' सांगे, आणि मध्यस्थ तो खोडून आपल्या जाहिरात-पानाचा क्रमांक लिही. दर चुकीमागे थोडे पैसे. ग्राहक लाखो, आणि चुका रोजच्या. अर्थलिंक, व्हर्जन मीडिया, कॉमकास्ट, डॉइश टेलिकॉम अशी बडी नावे यात होती. भारतातही ब्रॉडबँड पसरल्यावर काही पुरवठादारांनी अशी पाने दाखवली.

बहुतेकांनी एक सोय मात्र ठेवली: नको असेल तर कळवा. ही सोय कशी होती, ते पाहण्यासारखे आहे. काही ठिकाणी खात्याच्या पानावर जाऊन नकार नोंदवला की ग्राहकाला वेगळ्या, खरे बोलणाऱ्या रिझॉल्व्हरकडे वळवत. हा सरळ मार्ग. दुसऱ्या प्रकारात नकाराची खूण ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये 'कुकी' म्हणून ठेवली जाई. रिझॉल्व्हर पूर्वीप्रमाणेच खोटा क्रमांक देई, ब्राउझर पूर्वीप्रमाणेच पुरवठादाराच्या संगणकाकडे जाई, आणि तेथे कुकी दिसली की जाहिरातींऐवजी 'पान सापडले नाही' असे, ब्राउझरच्या स्वतःच्या संदेशासारखे रंगवलेले पान दाखवले जाई. ग्राहकाला वाटे, आपण सुटलो! प्रत्यक्षात बदलला होता फक्त मुखवटा. कुकी पुसली गेली, दुसरा ब्राउझर उघडला, की पुन्हा जाहिराती. आणि ज्या प्रोग्रॅमना कुकी ठेवताच येत नाही, म्हणजे टपालाचा प्रोग्रॅम, छपाईयंत्र, प्रयोगशाळेतली नोंदणीयंत्रणा, त्यांना या नकाराचा काडीचा उपयोग नव्हता. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत वाईट भाग आहे. जाहिरात दाखवणे हा निदान उघड व्यवहार होता. नकार स्वीकारल्याचे सोंग करणे हे त्याहून गंभीर आहे.

शिवाय ज्याला '३' म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याने नकार कशाला द्यायचा? न मागता सुरू झालेली गोष्ट बंद करण्याचे ओझे ज्याच्यावर टाकले, त्याला ती सुरू झाल्याचाच पत्ता नव्हता.

ट्रॉम्बेसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना या प्रकाराची एक वेगळी अडचण सहज समजेल. मोठ्या संस्थांच्या आतल्या जाळ्यात अशी अनेक नावे असतात, जी बाहेरच्या कोणत्याच वहीत नसतात. घरून संस्थेच्या जाळ्याला जोडलेला संगणक काही वेळा ते नाव आधी घरच्या रिझॉल्व्हरला विचारतो. '३' आला की मगच संस्थेच्या रिझॉल्व्हरकडे वळतो. घरच्याने 'आहे, या इकडे' म्हटले, की तो पुढे विचारतच नाही. आतल्या यंत्रासाठी निघालेली मागणी मग जाहिरात-पानाच्या दारात जाऊन उभी राहते.

धोका किती असू शकतो, हे एप्रिल २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांनी दाखवले. अर्थलिंकची चुकलेली नावे बेअरफ्रूट या ब्रिटिश कंपनीच्या संगणकांकडे जात. प्रसिद्ध संस्थळांच्या नावाखाली, अस्तित्वात नसलेले उपनाव जोडून विचारले, तरी तेथूनच उत्तर येई. त्या संगणकांत एक साधी त्रुटी होती, आणि तिच्यामुळे हल्लेखोराला त्या प्रसिद्ध संस्थळाच्याच नावाने हवे ते पान दाखवणे शक्य होते. ब्राउझरच्या दृष्टीने ते उपनाव त्या संस्थळाचे घरचेच असल्यामुळे त्याच्या कुकीही धोक्यात येत. संस्थळाची चूक नाही, ग्राहकाची नाही. मध्येच खोटे 'आहे' म्हणणाऱ्यामुळे दोघांचे घर उघडे पडले. २०११ मध्ये बर्कलीच्या संशोधकांना तर असे आढळले, की अमेरिकेतील काही पुरवठादार न चुकलेल्या शोधांचीही वाट बदलून ते पॅक्सफायर या कंपनीच्या यंत्रणेतून नेत होते.

यावर तंत्राने दिलेले उत्तर सुंदर आहे. एखादी गोष्ट आहे हे सहीनिशी सांगता येते. 'नाही' हे सहीनिशी कसे सांगायचे? नसलेल्या नावांची यादी अमर्याद आहे. 'डीएनएससेक' या सुधारणेत यासाठी हजेरीपटासारखी युक्ती वापरतात. आडनावांच्या वर्णक्रमाने लावलेल्या पटात 'देशपांडे'नंतर लगेच 'देशमुख' येते, एवढी एकच ओळ मुख्याध्यापकांच्या सहीने दाखवली, की या दोघांच्या मध्ये येणारे कोणतेही आडनाव वर्गात नाही हे सिद्ध होते. तसेच वहीवाला शेजारच्या दोन नावांची जोडी अंकीय सहीने देतो. मध्यस्थाने '३' खोडला तर सही जुळत नाही. जुलै २०१० मध्ये मुळाच्या वहीवर अशा सह्या सुरू झाल्या. आपल्या ग्राहकांसाठी सह्या तपासायच्या आणि स्वतःच उत्तरे बदलायची, ही दोन कामे एकत्र नांदत नाहीत, हे कॉमकास्टने मान्य केले आणि जानेवारी २०१२ मध्ये आपली पुनर्निर्देशनाची सेवा बंद केली. डॉइश टेलिकॉमने ती बंद करायला २०१९ उजाडले. अर्थात सही तपासणारा संगणक मध्यस्थाचाच असेल, तर ग्राहकाला त्याच्या शब्दावर विसंबावे लागते. खरी खात्री आपल्या यंत्राने स्वतः तपासले तरच.

पुष्कळांनी निराळी वाट धरली: पुरवठादाराचा रिझॉल्व्हर सोडून दुसरा वापरणे. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये ८.८.८.८ हा रिझॉल्व्हर सर्वांना खुला केला, तेव्हा 'नाही'चे उत्तर 'नाही'च देऊ, असे आवर्जून सांगितले. त्याआधीचा लोकप्रिय 'ओपनडीएनएस' स्वतःच चुकलेली नावे जाहिरात-पानाकडे नेई. त्याने ते २०१४ मध्ये थांबवले. येथे एक गोष्ट विसरू नये. रिझॉल्व्हर बदलला म्हणजे आपण कोणते पत्ते विचारतो, हे आता दुसऱ्या कंपनीला कळू लागते.

आपला रिझॉल्व्हर खरे बोलतो का, हे शाळेच्या संगणक कक्षात दोन मिनिटांत तपासता येते. 'एनएसलुकअप' ही आज्ञा द्यावी, त्यापुढे पंधरा-वीस अक्षरे वाटेल तशी टंकून शेवटी डॉट कॉम लिहावे. असे नाव नसल्याचा संदेश आला, तर उत्तर प्रामाणिक आहे. क्रमांक मिळाला, तर दुसरे तितकेच वेडेवाकडे नाव द्यावे. दोन्ही वेळा एकच क्रमांक आला, तर तो कोणाचा ते मुलांना शोधायला लावावे. नाव ब्राउझरमध्ये टंकून ही परीक्षा होत नाही, हे त्यांना आधी सांगावे. कारण ब्राउझर आपल्या परीने काहीतरी दाखवतोच.

हीच परीक्षा गूगलचा क्रोम ब्राउझर स्वतःहून घेत असे. त्याच्या एकाच चौकटीत पत्ताही लिहितात आणि शोधायचा शब्दही. तेथे कोणी नुसते 'अप्सरा' लिहिले, तर तो पुराणातल्या अप्सरांविषयी विचारतो आहे, की संस्थेच्या आतल्या त्या नावाच्या संगणकाकडे जाऊ पाहतो आहे? रिझॉल्व्हरने 'नाही' म्हटले तर तो शोधाचा शब्द. पण प्रत्येक शब्दाला 'आहे' म्हणणारा रिझॉल्व्हर असेल, तर हे कळणार कसे? म्हणून क्रोम सुरू होताच, आणि जाळे बदलले की पुन्हा, सात ते पंधरा अक्षरांची तीन निरर्थक नावे विचारून पाही. या नावांना डॉट नसे, त्यामुळे त्यांचा निवाडा थेट मुळाच्या सर्व्हरपाशी होई. क्रोम वापरणारे जगात कोट्यवधी. २०२० च्या ऑगस्टमध्ये असे प्रसिद्ध झाले, की रूट सर्व्हरकडे येणाऱ्या प्रश्नांपैकी जवळजवळ निम्मे प्रश्न या निरर्थक नावांचे आहेत. काही मध्यस्थ खोटे बोलतात म्हणून सगळ्यांची परीक्षा, आणि तिचा भार मुळावर! हा हिशेब मांडणारे संशोधक व्हेरिसाइनचे होते. तेरापैकी दोन रूट सर्व्हर ती कंपनी चालवते. वर्षअखेरीस क्रोमच्या ८७ व्या आवृत्तीपासून ही परीक्षा बंद करण्यात आली. ती आवृत्ती पसरत गेली, तसतसे मुळाकडे येणारे रोजचे प्रश्न सुमारे १४,३०० कोटींवरून ८,४०० कोटींवर उतरले.